दुबळ्याचे बळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा वेगळी होती. यंत्रमागाची मजुरी, बोनस, बंद पडलेल्या गिरण्यांची देणी असे काहीतरी आम्ही सांगू, असे त्यांना वाटले. आम्ही म्हणालो, पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या बाराव्या अध्यायावर बोलू. तेव्हा एका चालकांनी चष्मा पुसला आणि विचारले, "आपण नक्की ठरवले आहे ना?" ठरवले आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे. हिब्रू-ग्रीकचा गंध नाही. मराठी बायबल आणि वाचनालयातली चार पुस्तके एवढीच आमची सामग्री. परंतु हा अध्याय आमच्या धंद्याच्या आड येतो, आणि जे आड येते त्याचा विचार करणे भाग पडते.

आड कसा येतो, ते पाहा. आम्ही आयुष्यभर कामगाराला एकच गोष्ट सांगत आलो, की बाबा, तू एकटा दुबळा आहेस. दहा जण जमा, शंभर जमा, मग मालक तुझे ऐकेल. आमच्या हिशेबात बळ हे संख्येचे आहे, आणि दुबळेपणा ही लवकरात लवकर टाकून देण्याची वस्तू आहे. तो मिरवायचा नसतो. आणि हा पौल उलटेच बोलतो. आपल्या दुबळेपणाचाच आपल्याला अभिमान वाटतो, कारण त्यातच देवाची शक्ती पुरी होते, असे तो म्हणतो. हे वाचून आमच्यातल्या एखाद्या तरुण कार्यकर्त्याने पुस्तक मिटून ठेवले तर त्याचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. "गरिबा, गरीबच राहा, वर गेल्यावर मिळेल" असली शिकवण गरिबांना द्यायला जगात उपदेशकांची कधी टंचाई पडलेली नाही, आणि तसल्या उपदेशकांच्या मठांना नि मंदिरांना देणग्या कोण देतो हेही आपण सगळे जाणतो.

तेव्हा प्रश्न असा, की ही कृपा म्हणजे दुबळ्याच्या पाठीचा कणा की त्याला दिलेली अफू? आज आम्ही याचाच तपास करणार आहो.

प्रथम हा मनुष्य कोण, ते बघू. पौल तंबू करणारा कारागीर होता. करिंथला आला तेव्हा तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी उतरला. तीही तंबूवालीच. रोमच्या बादशहाने यहूदी लोकांना शहराबाहेर घालवले, त्यात ही दोघे बाहेर पडलेली. एक हुन्नर म्हणून तिघे एकत्र काम करू लागली. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तेलंगणातून पोटासाठी निघालेला विणकर या गावात आला तो असाच कोणातरी जातभाईच्या, हुन्नरभाईच्या घरी उतरला आणि दुसऱ्या दिवशी मागावर बसला. करिंथ हेही आपल्यासारखेच मिश्र वस्तीचे गाव. दोन बाजूंना दोन बंदरे, मधे व्यापार. जुने शहर रोमनांनी पाडले होते. पुढे शंभर वर्षांनी ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवले, आणि वसवले तेही पुष्कळसे गुलामीतून सुटलेल्या लोकांनी. पौल त्यांना एके ठिकाणी लिहितो, की तुमच्यात शहाणे, सत्तावान, कुलीन असे फारसे कोणी नाहीत. हमालीवर, कारागिरीवर जगणाऱ्यांची ती मंडळी.

या मंडळीत काही चांगले बोलणारे उपदेशक शिरले. त्यांनी पौलाची टर उडवायला सुरुवात केली. पत्रे मोठी जोरकस लिहितो, पण समोर उभा राहिला तर माणूस किरकोळ आणि भाषण टाकाऊ. वर तुमच्याकडून मोबदलाही घेत नाही. म्हणजे याचा माल हलका असणार! (फुकट काम करणाऱ्या कार्यकर्त्याला गावोगाव हेच ऐकून घ्यावे लागते.) या टीकेला उत्तर म्हणून तो बारावा अध्याय आला आहे.

त्यात तो सांगतो, की त्याच्या देहात एक काटा आहे. कोणता, ते सांगत नाही. विद्वानांनी डोळ्यांचे दुखणे, हिवताप, फेपरे असे पुष्कळ तर्क केले आहेत. त्याने नाव घेतले नाही हे एका अर्थी बरेच झाले. ज्याला त्याला आपला काटा तेथे बसवून पाहता येतो. हा काटा निघावा म्हणून त्याने देवाकडे तीन वेळा विनवणी केली. आमचे म्हणणे असे, की या "तीन वेळा" वर उपदेशक मंडळी फार लवकर पुढे सरकतात. एक अर्ज फेटाळला, दुसरा केला, तोही गेला, तिसरा केला. दुबळेपणा गोड मानून घेणारा माणूस तीन अर्ज करीत नाही. उत्तर आले ते मागणीप्रमाणे आले नाही. काटा तसाच राहील, पण माझी कृपा तुला पुरेल, असा त्याचा भावार्थ. म्हणजे दुखणे चांगले आहे असे उत्तर मिळालेले नाही. दुखणे असतानाही तू उभा राहशील, एवढेच उत्तर आहे.

आणि आता दुसरी बाजू. हाच पौल मासेदोनियातल्या फिलिप्पै गावी होता. तेथे त्याला आणि सीलाला चौकशीवाचून भर चौकात फटके मारून तुरुंगात घातले. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांबरोबर निरोप धाडला, की यांना सोडून द्या. दुसरा कोणी असता तर जीव वाचला म्हणून मुकाट्याने चालता झाला असता. पौल हलायला तयार होईना. आम्ही रोमन नागरिक. चौकशीशिवाय तुम्ही आम्हांला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? ते चालायचे नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. आणि अधिकारी आले, त्यांनी विनंती केली! प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात हे आहे. आम्ही प्रथम वाचले तेव्हा दोनदा वाचले.

म्हणजे याच्याकडे दोन खाती होती. देहाचा काटा, अपयश, एकटेपणा, म्हातारपण ही जी माणसाच्या हातात नसलेली दुखणी, त्यांच्यासाठी कृपा. आणि अधिकाऱ्याने केलेला अन्याय, त्याच्यासाठी कायदा. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची नाही. मजुरी कापली तर तो देवाने दिलेला काटा नव्हे. तो मालकाने कापलेला पैसा आहे. हा फरक ज्या उपदेशकाला कळत नाही, किंवा कळून सांगायचा नसतो, त्याच्यापासून सावध राहावे.

परंतु हे पुस्तकातले झाले, आणि तेही परमुलखातले. आपल्या मातीत याचा दाखला आहे का? आहे, आणि तो आपल्या आगगाडीच्या वाटेवर आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आपण खिडकीतून पाहतो आणि पुन्हा डबा उघडून जेवायला लागतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्ममार्तंडांच्या रोषाला तोंड दिले. आईने मुलीला शिकवले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. दक्षिणेतल्या दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटले. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जात मोडून लग्न केले. 1881 साली मनोरमा झाली आणि 1882 साली नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांचे वय, कडेवर मूल, डोक्यावर वैधव्य. आमच्याकडे अशा बाया येतात. त्यांची फाइल आम्ही उघडतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "घरी कोण आहे?" रमाबाईंच्या घरी कोणी नव्हते.

पुण्याला येऊन त्यांनी 1882 साली आर्य महिला समाज काढला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, स्त्रियांना स्त्री डॉक्टर पाहिजेत असे सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून 1883 साली इंग्लंड गाठले. आणि तेथे त्यांचा काटा आडवा आला. त्यांना ऐकू कमी येत असे, आणि त्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. पुराण सांगून सभा जिंकणारी ही बाई. तिचे कान गेले! पुढे आयुष्यभर ते काही बरे झाले नाहीत.

त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात जो गहजब झाला तो आपण ऐकून आहोत. तिकडे काय झाले हे कमी लोकांना माहीत असते. ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांची अपेक्षा होती की या बाईने आता सांगेल ते ऐकावे. रमाबाईंनी ऐकले नाही. एक सद्‌सद्विवेकबुद्धी आपण फार कष्टाने सोडवून आणली आहे, ती आता पाद्र्यांच्या स्वाधीन करणार नाही, अशी त्यांची भूमिका त्यांच्या पत्रांत जागोजाग दिसते. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत पाहिजेत, या मुद्द्यावरसुद्धा त्या भांडल्या. म्हणजे आश्रित, विधवा, परक्या देशात, कानाने अधू. आणि वाद घालते कोणाशी, तर अन्न देणाऱ्याशी. कृपेने माणूस मिंधा होतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा पत्रव्यवहार बघावा.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढल्यावर, बाप्तिस्म्याला आठ-एक वर्षे झाल्यावर, रमाबाईंना असे दिसून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. वाद करून, ग्रंथ ताडून, बुद्धीला पटवून जे मिळवायचे ते त्यांनी मिळवले होते. त्या पंडिताच होत्या. पण ते सगळे स्वतःच्या बळावर मिळवलेले होते, आणि आत हवा तो आधार त्याने लाभत नव्हता. जे मिळवता येत नाही, फक्त घेता येते, ते घ्यायला त्यांना आठ वर्षे लागली. कर्तबगार माणसाला घेणे फार जड जाते. हे आम्ही संघटनेतही पाहतो. सगळ्यांसाठी मोर्चा काढणारा कार्यकर्ता स्वतः आजारी पडला की वर्गणी घ्यायला तयार होत नाही. तो सांगतो, "माझ्यासाठी नको." त्याला तो त्याग वाटतो. आमच्या मते त्यात थोडा ताठाही असतो.

त्यानंतरच्या रमाबाई निराळ्या दिसतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आईबाप दुष्काळात मेलेली ही बाई, तिला भूक काय ते पुस्तकातून कळायचे नव्हते. तेथून तिने सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. त्यांना ठेवायला घर नव्हते. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावच्या माळावर तंबू नि झोपड्या. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते, ती मुदत संपत आलेली. अशा वेळी शहाणा माणूस खर्च कमी करतो. रमाबाईंनी 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा माणसे पाठवून मुली आणवल्या, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हिशेबी माणसाला याचा उलगडा होत नाही. आम्हांलाही पुरता होत नाही. "पुरेल" या एका शब्दावर विसंबून ती बाई दोन हजार ताटे मांडीत होती, एवढे दिसते.

आणि या बाया बसून नव्हत्या. माग होते, तेलाचा घाणा होता, शेती होती, विहिरी खणल्या गेल्या, छापखाना होता. आंधळ्या बायांना बोटांनी वाचायला शिकवले, वेत विणायला शिकवले. सोलापुरात भाषण करीत असताना मागाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. दान दिलेली बाई आणि कसब दिलेली बाई यांच्यात काय अंतर असते ते या गावाला ठाऊक आहे.

त्याच 1897 साली पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात बायांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी "बॉम्बे गार्डियन" पत्रात उघड लिहिले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप नाकारले. राज्य ख्रिस्ती, ही बाई ख्रिस्ती, मदत ख्रिस्ती लोकांची. तरी गप्प बसली नाही. फिलिप्पैचे खाते आणि काट्याचे खाते तिनेही वेगळे ठेवले होते.

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. नाहीतर आम्ही एकतर्फी वकिली केली असे होईल. 1893 साली शारदा सदनावर वादळ आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्यांच्यावर परिणाम होऊ लागला, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागारपद सोडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करू? हेही खरे. पण ज्याच्या हातात भाकरी आहे त्याच्या प्रार्थनेला भुकेल्या मुलीने बसणे, यात तिची इच्छा किती आणि भाकरी किती, हे कोणत्या तराजूत तोलायचे? कृपा म्हणजे विनाअट दान. जिथे अट आली, किंवा अट आहे असा नुसता भास झाला, तिथे ती कृपा राहत नाही. तो सौदा होतो. हे आम्ही रमाबाईंचा अनादर करून म्हणत नाही. पौलाच्या मापानेच आम्ही हे मोजले आहे.

आणि हे माप लावायचे तर आपल्या गावातली एक जागा आठवावी लागते. सेटलमेंट. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात वसवण्यात आले. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा होती, दवाखाना होता, त्यांत मनापासून राबलेली माणसे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुंपणही होते आणि हजेरीही होती. आतली माणसे गिरणीत कामाला जात आणि पाळी सुटली की परत कुंपणात येत. तो कायदा 1952 साली रद्द झाला. कुंपणातल्या माणसाला प्रेमाचा उपदेश करता येतो. पण तो ऐकतो आहे की हजेरी देतो आहे, हे उपदेशकाला कधी कळत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी थोडे बोलतो, कारण त्यांचा या जिल्ह्याशी संबंध आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या; त्यांतले पुष्कळ दिवस पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने काढले. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण त्यात आकाशवाणी नाही, साक्षात्कार नाही. सोवळ्यात वाढलेली ही बाई वेगळी चूल मांडून नवऱ्याजवळ राहिली, आणि राहुरीस असताना एके दिवशी तिच्या ध्यानात आले की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. आता कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. एवढेच! शाळेत कधी न गेलेल्या या बाईने टिळकांच्या मागे मुंबईत मेट्रनची नोकरी केली, टिळकांनी दहा-एक अध्याय लिहून सोडलेले "ख्रिस्तायन" पुढे साठांहून जास्त अध्याय लिहून पुरे केले, आणि 1934 पासून "स्मृतिचित्रे" छापून निघू लागली. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी वाचावीत. आपल्या भित्रेपणावर, अज्ञानावर, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर ती बाई अशी हसते, की वाचणाऱ्याला आपले लपवलेले दुबळेपण उघड करायला हरकत वाटेनाशी होते. पौल ज्याला अभिमान म्हणतो त्याला लक्ष्मीबाईंच्या घरात हसू म्हणत असावेत.

टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा कृपा हा माल आगबोटीतून उतरला असे कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यात मंगळवेढे आहे. तेथे दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली अशी कथा आहे. आणि तेथेच 1338 साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा मेला. संतचरित्र म्हणून आपण ते ऐकतो. आमच्या धंद्याच्या भाषेत तो कामावर झालेला अपघाती मृत्यू आहे, आणि नुकसानभरपाई शून्य. ज्याला देवळाची पायरी चढायची बंदी, त्याने देवाला आपला म्हटले. हे बळ कोठून आले? पण त्या बळाने देऊळ उघडले नाही, हेही लक्षात ठेवू. देऊळ उघडायला 1947 साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपवास करावा लागला. कृपा आणि हक्क यांच्यामध्ये सहाशे वर्षांचे अंतर पडू शकते. भक्तांनी हे विसरू नये, आणि आमच्यासारख्यांनीही हे विसरू नये की ती सहाशे वर्षे कोणीतरी कशाच्या तरी आधारावर जगत होते.

आता आमच्या कचेरीतली एक हकिकत सांगतो. नावे सांगत नाही. मालकाचेही नाही, बाईचेही नाही. या गावात हजारो बाया घरी बसून बिड्या वळतात. हजार बिड्यांचा दर, त्यातून छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, पान कमी दिले म्हणून पदरचे घातलेले पान. हे सगळे आपण जाणता, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या आया त्यावर राबल्या आहेत. एका कारखान्यात हजेरीकार्डे कमी दाखवून प्रॉव्हिडंट फंड बुडवण्याचा प्रकार चालला होता. चाळीस बायांनी अर्जावर अंगठे दिले. तारखेच्या आधी कारखान्याचा माणूस घरोघर फिरला, आणि तारखेला एकच बाई आली. तेलुगू बोलणारी, ख्रिस्ती, नवरा नसलेली, दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणारी. आमच्या संख्येच्या शास्त्राप्रमाणे खटला तेथेच संपला होता. आम्ही म्हणालो, "अक्का, तुम्ही घरी जा. एकट्या उभ्या राहिलात तर तुमचेच काम जाईल."

ती म्हणाली, "अण्णा, मला काय ते कळत नाही होय? रात्रभर झोप नाही. येशूला म्हटलं, भीती काढून घे. त्यानं नाही काढली. मग भीतीसकट आले."

तिने साक्ष दिली. टेबलाची कड हाताने धरून दिली, कारण हात कापत होते. समोरच्या वकिलाने तिला कार्ड दाखवून हे तुझेच ना असे विचारले, तिने ते डोळ्यांपाशी नेले, परत दिले आणि सांगितले, "मला दिसत नाही. पण मी बिड्या किती वळल्या ते माझ्या बोटांना माहीत आहे." मग महिन्यामहिन्याचा आकडा तोंडपाठ सांगितला. पुढच्या तारखेला अकरा बाया आल्या. चाळीस नाही, अकरा. दोन वर्षांनी त्या अकरा जणींचे फंडाचे पैसे भरले गेले. त्या बाईला त्या कारखान्याने पुन्हा काम दिले नाही. आम्ही दुसरीकडे पान-तंबाखू मिळवून दिली, ती थोड्या कमी दराने.

आता आमचे तरुण मित्र विचारतात, की त्या बाईला बळ येशूने दिले की संघटनेने? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी संघटना तिला घरी जा म्हणत होती. अकरा बाया जमल्या त्या ती उभी राहिल्यामुळे. संख्येतून बळ येते हे आमचे शास्त्र खोटे नाही. पण संख्येतला पहिला आकडा कोठून येतो, याचे उत्तर आमच्या शास्त्रात नाही. एकापासून अकरापर्यंतचे गणित आम्ही करतो. शून्यापासून एकापर्यंतचे गणित त्या बाईने कोणाच्या तरी हातावर सोडले होते. त्याला ती कृपा म्हणते. आम्ही त्यावर दुसरे नाव लिहायला बसलो तर ते खोटे होईल, आणि तिचेच नाव आपले म्हणून लिहिले तरी खोटे होईल. म्हणून आमच्या वहीत ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.

रमाबाईंचे शेवटचे काम सांगून मग पौलाच्या पत्राकडे परत जाऊ. उतारवयात, कान पुरते गेलेले असताना, त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर नव्याने केले. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून, आणि संस्कृत शब्द टाळून. संस्कृतची ही पंडिता. तिने ठरवून जड शब्द टाकले, कारण दुष्काळातून आणलेल्या, नुकत्या वाचायला शिकलेल्या बायांना ते कळायला पाहिजे होते. टंक जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्याच बाया. 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, संस्थेचा उजवा हात. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि ते पुस्तक 1924 साली बाहेर पडले. ज्या विद्येच्या जोरावर त्यांना मान मिळाला होता ती विद्या त्यांनी साध्या बोलीखाली झाकून टाकली.

आता पौलाचे ते पत्र. त्यातला बारावा अध्याय सगळे वाचतात. आठवा आणि नववा फारसे कोणी वाचत नाही, कारण त्यांत वर्गणीचा विषय आहे. यरुशलेमेतल्या गरीब भावंडांसाठी पैसे जमवायचे होते. मासेदोनियातल्या लोकांनी स्वतःच्या हलाखीत भरपूर दिले, असे तो करिंथकरांना ऐकवतो. आम्हीही हेच करतो. एका खात्यातली वर्गणी दुसऱ्या खात्यात सांगतो! जाणकार सांगतात, की मूळ ग्रीकमध्ये "कृपा" या अर्थाचा जो शब्द आहे तोच तेथे या वर्गणीलाही लावलेला आहे. आणि आणखी एक. एवढा मोठा निधी आपण एकट्याने नेला तर लोक संशय घेतील, म्हणून पौलाने बरोबर मंडळ्यांनी निवडलेली दुसरी माणसे दिली. देवापुढे तर हिशेब चोख पाहिजेच, माणसांपुढेही पाहिजे, असे त्याचे म्हणणे. खजिनदाराची ही काळजी पाहून आम्हांला तो मनुष्य फार जवळचा वाटला. पुढे रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो नोंद करतो, की मासेदोनिया आणि अखया या दोन्ही प्रांतांनी पैसे दिले आणि ते घेऊन आपण यरुशलेमेला निघालो आहो. करिंथ हे अखया प्रांतातलेच गाव. म्हणजे त्या बंदरातल्या हमालांनी नि कारागिरांनी, ज्यांना पौलाचे भाषण टाकाऊ वाटत होते, त्यांनीही वर्गणी भरली.